घराजवळचं भोक

"हॅलो?… हां अक्का, मीच, चारू… जरा मोठ्यानं बोल."

भूमच्या शेतकरी सोसायटीत फोन एकच, तोही सेक्रेटरींच्या टेबलावर. चारुशीलेनं भिंतीकडं तोंड वळवलं. चाऱ्यासाठी बाकावर बसलेल्यांनी आपलं बोलणं थांबवलं.

"हो, हो… तात्यांच्या भुलभुलैयात दोनच बदल केलेत… अगं ऐक ना."

तात्यांनी, दोघी बहिणींच्या वडिलांनी, खोक्याच्या फळ्यांतून तो पाट केला होता. हातात धरून तिरका करायचा, पट्ट्यांमधल्या वाटेनं गोटी शेवटच्या घरात न्यायची. वाटेतल्या भोकात पडली की पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीत तात्या गेले. अक्कानं, शामलेनं, तो पुण्यात एका खेळण्यांच्या दुकानात दाखवला, तर पोरं चिडून खाली ठेवतात, म्हणून परत आला.

"पहिलं भोक मेणानं बुजवलं… हात बसायच्या आत कुणाची गोटी पडायला नको. आणि मध्ये एक खाच केली. पडली तर तिथनं पुढं… व्हय, आईसुद्धा खेळली… नाही. घराजवळचं भोक तसंच ठेवलंय."

तेच तर सगळ्यांना रडवतं, शामला म्हणाली. ते बुजव अन् पाट घेऊन तूच ये. दुकानदार तुला कामावर घेतोय.

"कशी येऊ?… टँकरचा नेम नाही. तव्यावरची भाकरी टाकून पळावं लागतं. आई घागरी उचलंल का?… नाही म्हणती ती तिकडं यायला. कितीदा विचारू?"

मग मी येते, पाणी मी भरते, तू नीघ, असं शामलेनं सांगितलं.

"तुझी पोरं?… बरं. अन् सासूबाई?… त्यांनाही विचारलंस?"

सासूबाईंचीही ना नव्हती. शामला पुन्हा भोकावर आली.

"भोकाचं म्हणतीस?… अक्का, तिथं गोटी पडली की तात्या हसायचे. ते बुजवलं तर त्यांचं काय राहिलं त्यात?… माहीत आहे. ते हसायचे, अन् मी पुन्हा पहिल्यापासून."

वेळ संपत आल्याचं मध्येच ऑपरेटरनं सांगितलं.

"ऐक… बुजवत नाही. निम्म्या भोकावर पट्टी ठोकते. कडेकडेनं जाता येईल… अन् तू ये. मी निघते."

"अक्का?… हॅलो?"

फोन मुका झाला होता. शामलेला ऐकू गेलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. बाकावरच्यांनी मात्र सगळं ऐकलं होतं, आणि ती घरी पोचायच्या आत ते आईच्या कानावर जाणार होतं.