तेलुगू चालीवरचा गण

सदू : काका, हसण्यावारी नेऊ नका. चाल आपलीच, शब्दही आपलेच. महिपतशाहिराच्या खळ्याबाहेर उभा राहून माझ्या कानांनी ऐकून आलोय.

दत्ताराम : ती तेलुगू चाल? अरे, अख्ख्या रत्नागिरीत ती कॅसेट एकच, आणि ती माझ्या ट्रंकेत आहे.

सदू : कॅसेट ट्रंकेत आहे. बाबल्या ट्रंकेत नाही.

दत्ताराम : बाबल्याचं काय?

सदू : तोच गातोय तिकडे. पुढे उभा राहून.

राही : हळू बोल रे सदू. बाहेर खळ्यात पोरं बसलीत.

दत्ताराम : राही, तुला ठाऊक होतं?

राही : चतुर्थीला मुंबईहून आला आणि घरी पाय ठेवलान नाही, तेव्हाच मी समजले. शेजारची यमुनाबाई सांगत होती, महिपतकडे उतरलाय म्हणून.

दत्ताराम : पोटचा पोर चोर निघाला.

राही : चोर कसला? कॅसेट आणलीन कोणी? शिमग्याला त्यानेच ना? कारखान्यातल्या त्या तेलुगू सोबत्याकडून मागून. ‘बाबा, यावर गण बांधा, इथे कोणी ऐकली नसेल,’ हेही तोच म्हणाला. तुम्ही कॅसेट ठेवून घेतलीत आणि त्याला मागे कोरसात ढकललात.

दत्ताराम : बांधला मी.

राही : शब्द तुमचे. चाल त्या सिनेमावाल्याची. वेष्टनावरचं चित्र बघा एकदा. टोपीवाला हिरो, भोवती शंभर पितळी हंडे, मधे ती भिजलेली बाई. त्यावर तुम्ही गणपती बसवलात, आणि चोर माझा पोरगा!

दत्ताराम : मधे घंटा वाजतात गो त्यात. मला वाटलं, देवाचंच असेल.

सदू : त्या सोबत्याला बाबल्याने विचारलं होतं. हिरो तिला विचारतोय म्हणे, आंब्याला पाड लागला का.

दत्ताराम : मेल्या, हे आज सांगतोस?

सदू : तोवर पोरं बसवून झाली होती. आणि माझी ढोलकी काय बसते त्यावर, काका! आपल्याच जाखडी नाचासाठी केल्यासारखी.

राही : आता त्या ढोलकीचं काय लोणचं घालायचंय?

सदू : आजच्या बारीच्या सामन्याच्या चिठ्ठ्या पडल्या. आधी महिपत उभा राहणार. तो हाच गण म्हणून बसला, की त्यामागून आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? लोक म्हणतील, दत्तारामाने ढापला. तीन गणपती हरलो आपण. पहिल्या साली त्याने नवी हिंदी चाल आणलीन, दुसऱ्या साली कॅसिओ, गेल्या साली दोन्ही. आपण आहोत तिथेच. आजही हरलो तर पोरं राहणार नाहीत. दोघं तर आत्ताच विचारत होती, तिकडे जागा आहे का.

दत्ताराम : पोरांना पुढचं साल आहे. मला नाही. गणपती गेले की डॉक्टर गळा कापणार.

राही : अभद्र बोलू नका. गाठ काढणार म्हणालेत.

दत्ताराम : गाठ काढतील. आवाज राहील का विचारलं, तर तो कागदच बघत राहिला. राही, आज जे गाईन ते शेवटचं. चार तासांत दुसरा गण कुठून आणू? कधी बांधू, कधी पोरांच्या घशात उतरवू? का नुसता उभा राहून हरू?

सदू : एक वाट आहे. बाबल्याला शेवटचं कडवं ठाऊक नाही.

दत्ताराम : छापेचं?

सदू : तेच, शाहिराचं नाव येतं ते. तो मे महिन्यात भांडून गेला, तुम्ही ते श्रावणात बांधलंत. महिपत सकाळपासून आपल्या नावाचं कडवं जोडून देतोय, पण चालीत बसत नाही. बाबल्या माझ्यासमोर तीनदा अडकला. आणि छापेवाचून गण सोडला की बारी तिथेच गेली! तो अडकला रे अडकला, की आपण उठायचं आणि तुमच्या नावाचं कडवं म्हणायचं. दहा गावांना कळेल, माल कोणाचा.

दत्ताराम : अडकेल?

सदू : तोंडावर पडेल.

राही : दहा गावांसमोर! मग तो या गावात पुन्हा पाय ठेवील का? तुम्हाला इस्पितळात नेतील तेव्हा उशाशी कोण बसणार, हा सदू? अहो, पाया पडते तुमच्या. आवाज जायचा तर जाईल. पोर घालवू नका.

दत्ताराम : त्याने माझा विचार केलान?

राही : त्याला गाठीचं ठाऊक कुठे आहे? तुम्हीच कळवू दिलं नाहीत.

(दत्ताराम उठून पडवीच्या खांबाला टेकतो.)

दत्ताराम : सदू, खरं सांग. वर जातो तिथे काय करतो तो?

सदू : कुठे वर?

दत्ताराम : सोंग करू नको. कॅसेटमधली ती तेलुगू बाई जिथे सुरात वर चढते आणि खाली यायचं विसरते, तिथे. मी ती जागा तालमीत खाली ओढून घेतली. तुमच्या लक्षात आलं नसेल.

सदू : सगळ्यांच्या आलं, काका.

दत्ताराम : तो काय करतो?

सदू : गेला वर. गेला तो थांबलाही तिथे. महिपतच्या दारात मी, आणि माझी बोटं आपसूक मांडीवर वाजायला लागली.

दत्ताराम : किती थांबला?

सदू : माझा श्वास संपला. त्याचा नाही.

दत्ताराम : वही घे.

सदू : नवा गण बांधताय?

दत्ताराम : शेवटचं कडवं लिही आणि त्याला नेऊन दे. त्याच्याच हातात. महिपतच्या नको.

सदू : आणि आपण?

दत्ताराम : मी माझ्या गुरूचा जुना गण म्हणेन. त्याला कोरस लागत नाही.

सदू : लोक उठून जातील, काका.

दत्ताराम : जाऊ देत. लिही.

राही : घसा दुखतोय तुमचा. सावकाश सांगा.

सदू : हं... झालं. शेवटच्या ओळीत तुमचं नाव आहे तसंच ठेवू?

दत्ताराम : नाही. तिथे त्याचं घाल.

सदू : बाबल्या?

दत्ताराम : बाबल्या घरात. तिथे नीट लिही, बाबाजी दत्ताराम.

सदू : बसेल चालीत?

दत्ताराम : बसतं. श्रावणातच म्हणून बघितलं होतं.