नाव नसलेलं कापड

घानातल्या कुमासीच्या बाजाराबाहेर ट्रोट्रोच्या, म्हणजे शेअर मिनीबसच्या, रांगेत माझ्यापुढे कापडदुकानवाल्या सेरवाबाई उभ्या होत्या. सोबत त्यांची भाची आफ्रिये. दुकानाचा ब्लॉग तीच लिहिते. इथे कापडाच्या प्रत्येक नक्षीला म्हणीसारखं नाव असतं.

"मावशी, विषय संपले गं. कसं धुवायचं, कसं नेसायचं, सगळं लिहून झालं."

"पुढे बघ. ती निळ्या पक्ष्यांचं कापड नेसलेली बाई."

"'उडून गेलीस तरी घरटं माझंच.' कापडांची नावं मला पाठ आहेत. त्यात नवीन काय?"

"आज का नेसलीय ती?"

"मला काय ठाऊक!"

"तिच्यापुढे तिची जाऊ आहे. लाल शिड्यांचं."

"'चढ, मी खाली उभी आहे.' अगं बाई!"

"हळू बोल. वर्षभर अबोला आहे. रोज सकाळी कपाट उघडून भांडतात दोघी."

"म्हणजे ही अख्खी रांग बोलतेय?"

"भांडतेय, लाजतेय, कुणी रडतेयसुद्धा."

"मावशी, बघ, काटा आला अंगावर! आणि तुझं हे शेंगांचं? त्याचं नाव कधी ऐकलं नाही."

"त्याला नाव नाही. तुझे काका गेले त्याच आठवड्यात हा गठ्ठा आला. बायका नाव विचारायच्या, मला काही सुचेना. बिननावाचं कोण घेणार? तसाच पडून राहिला. मग मीच नेसायला लागले."

"अजून नाही सुचलं?"

"सुचलं ना, केव्हाच."

"मग सांग की! त्यावरच लिहिते."

"नको गं. सांगितलं की खपेल."