एस्पोझी तो

अक्का : काय ता? परत एकदा सांग, भिक्या.

भाई : भाई म्हण गो, अक्का. चेडवासमोर भिक्या नको.

अक्का : गावाक भाई. माका भिक्याच. आडनाव सांग.

भाई : एस्पोझितो. लुइजी एस्पोझितो.

अक्का : एस्पोझी तो. मगे लगीन झाल्यार आमची शुभदा काय, एस्पोझी ती?

शुभदा : आई, तिकडे बायका आपलंच आडनाव ठेवतात. मी राणेच राहीन.

अक्का : तू गप ऱ्हव. पुण्याच्या हापिसात कामाक लागलंस म्हणान माका शिकवू नको. मी माझ्या भावाक विचारतंय. उभो जल्म शाळेच्या पुस्तकांत घालवल्यान, तेचो एवढो तरी उपयोग होवदे. तळवडेकर म्हटला की गाव कळता. परब म्हटला की देवळातलो मान कळता. हेच्या आडनावाचा मूळ काय? घराणां कसला?

भाई : त्याचं असं आहे अक्का, की सदर आडनाव हे दक्षिण इटलीतील नेपल्स या नगरातील अत्यंत प्राचीन असून, त्यास राजाश्रय लाभलेला होता.

अक्का : राजाचो?

शुभदा : हो, आई! बघ, मामा स्वतः सांगतायत.

अक्का : मगे नको.

शुभदा : काय नको?

अक्का : लगीन नको. राजाच्या घराण्यातलो झिल कारखान्यात मशिनी बसवूक कित्याक इलो? कायतरी वांधो असतलो. आणि खरोच राजा असलो तर आमच्या चेडवाक थंय भांडी घासूक लावतले. आज येवदे तेका. च्या देतंय नि वाटेक लावतंय.

शुभदा : मामा! काय करून ठेवलंत हे?

भाई : तूच म्हटलंस मगो, कायतरी मोठा सांगा म्हणान!

अक्का : बघ, इलो मालवणीत! ल्हानपणापासून ह्या असाच. खोटा बोलाक लागलो की हेचा व्याकरण सुधारता. आता खरा काय ता सांग.

भाई : सांगतंय. पण माका वाचलेला नीट कळला की नाय, तेचीच खात्री नाय... नेपल्सात तेंचा एक मोठा देऊळ होता. तेच्या भिंतीत लाकडाचा फिरता चाक. जिका पोर पोसूचा बळ नाय, ती आवस येय, पोराक चाकात ठेवी, नि चाक फिरवी. भितुर मठातल्यो बाया उचलून घेयत. आता तेंका आडनाव खयसून हाडूचा? तेवा एकच लावीत. एस्पोझितो. म्हणजे बाहेर ठेवलेलो.

अक्का : टाकलेलो.

भाई : ठेवलेलो.

अक्का : म्हणजे हेच्या पणज्या-खापरपणज्यात कोणाच्या तरी बापाशीचो पत्तो नाय!

शुभदा : त्याने पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं. हसत हसत. लपवावंसं मला वाटलं, त्याला नाही.

अक्का : कूळ नाय, मूळ नाय. वाडीतल्या विमलावयनीक काय सांगू? टीव्ही घेतल्यापासून तिका सगळ्या जगाची म्हायती आसा. तिचो पयलो प्रश्न तोच.

भाई : अक्का, एक विचारू? माझा नाव भिकाजी कित्याक?

अक्का : मधीच ता खयसून काढलंस?

भाई : सांग मगे.

अक्का : तुझ्या आदी दोन झिल गेले. तू झालंस तेवा आवशीन तुका सुपात घालून रवळनाथाच्या देवळाच्या पायरेर ठेवल्यान. ह्या आमचा नाय, टाकलेला पोर, असा यमाक वाटूक होया म्हणान. शेजारच्या काशीबायन उचलून घरात नेल्यान. मगे आवस तिच्या दारात गेली, पसाभर तांदूळ दिल्यान नि भीक मागून तुका परत हाडल्यान. म्हणान भिकाजी.

शुभदा : हे मला कोणी कधी सांगितलंच नाही!

अक्का : सांगूचा काय तेच्यात? दर वाडीत एक भिकाजी आसा, एक धोंडू आसा. तेंका कोण मूळ विचारता?

(तांदूळ पाखडता पाखडता अक्काच्या हातातलं सूप थांबतं.)

भाई : कोण विचारणा नाय. खरा.

अक्का : तुझा येगळा. तुका आवशीन परत हाडल्यान.

भाई : होय. माका हाडल्यान.

अक्का : तेंच्यो आवशी परत येयत नसत?

भाई : काय जणी पोराच्या गळ्यात अर्धा नाणा बांधीत, म्हणे. परत इल्यार वळख पटूक.

अक्का : आणि अर्धा?

भाई : अर्धा आवशीकडे.

अक्का : ...आणि जी येवक पावली नाय, ती?

भाई : ता पुस्तकात नाय, अक्का.

शुभदा : आई, हॉर्न ऐकलास? गाडी आली नाक्यावर. तो उतरला असेल.

अक्का : एकटोच?

शुभदा : एकटाच. मी जाऊ आणायला?

अक्का : तू? न्हवऱ्याक हाडूक न्हवरी खंय जाता? भिक्या, तू ऊठ.

भाई : मी? मी काय बोलतलंय तेच्या वांगडा? माझा इंग्रजी...

अक्का : बोलूक कित्याक होया? काशीबाय काय बोललेली? नुसतो घरात हाड.