पाखऱ्याची खोड

(रोहिणखेड. सकाळ. पुंजाजीच्या गोठ्यापुढं पाखऱ्या नावाचा एक लाल घोडा बांधला आहे. तो विकत घ्यायला मोताळ्याच्या दवाखान्यातल्या नर्स मंजुळाबाई आल्या आहेत. पारख करायला त्यांनी मोताळ्याचाच जाणकार कडूबा सोबत आणला आहे.)

कडूबा : ...अन् निरोप्या म्हने दहा वर्साचा! पुंजाजी, हे काही धर्माची गाय नाही, दात तर म्या पाहीनच. आ कर रे बापा. आ कर. इकडं या बाई, भेऊ नोका, चावत नाही. हे पुढचे दात पाहा. जवान घोड्याच्या दातात खड्डे राह्यतात. याचे कवाचेच भरून गेले. अन् दात कसे पुढं निघाले! पंधरा वर्सं. एक दिवस कमी नाही.

पुंजाजी : पंधराच हाय. पोळ्याले सोळावं लागंन. निरोप्यानं आपल्या मनानं सांगतलं असंन.

कडूबा : घ्या! असा इकनारा म्या जिंदगीत पाह्यला नाही. वय चोराचं सोडून वाढवून सांगते.

मंजुळाबाई : पंधरा म्हणजे म्हाताराच झाला ना हो, कडूबा?

कडूबा : मानसात धरा पन्नाशीचा. माह्याएवढा. दौड नाही मारनार, पन पाऊलचाल आनखी सात-आठ वर्सं देईन. तुम्हाले कुठं शर्यत लावाची हाय? बाळंतिनीच्या घरी टायमावर पोचले म्हनजे झालं.

मंजुळाबाई : टायमावर पोचायलाच तर हवाय. माणसं बोलवायला येतात, मग गाडी शोधा, बैल सोडा, जुंपा. मागच्या महिन्यात गाडी नळगंगेच्या वाळूत रुतली. मी पोचले तेव्हा घरातून रडणं ऐकू येत होतं, आणि ते पोराचं नव्हतं.

कडूबा : म्हनून तर मन लावून पाहून राह्यलो. पन मले एक गोष्ट समजून नाही राह्यली. वीस रुपये! इतका सस्ता काऊन, पुंजाजी? खामगावच्या बाजारात उभा केला तर लोक डोये मिटून चाळीस देतीन.

पुंजाजी : मले वीसच पाह्यजेत.

कडूबा : पन काऊन?

पुंजाजी : जे पाहाचं ते पाहून घ्या बापा. जरा लवकर पाहा. पान्याची येळ होऊन राह्यली.

कडूबा : तुम्हाले पानी भराचं हाय काय?

पुंजाजी : नाही. तुमी पाहा.

कडूबा : डोयात फूल नाही. दम चांगला हाय. खूर पाहा बाई, कटोरीवानी. डोयाखाली भोवरा असला तर त्याले आसूढाळ म्हनतात, तो मालकाले रडवते. याले नाही. उलटं छातीवर देवमन भोवरा हाय. हे तर घरात लक्ष्मी आननारं जनावर!

मंजुळाबाई : भोवऱ्यांचं राहू द्या, कडूबा. ज्यांना रडायचं असतं ते घोडा नसतानाही रडतात. पाय बघा. मला पायांशी मतलब.

कडूबा : पायच पाहून राह्यलो. मागचे बेस हायेत. पुढचे... थांबा. थांबा, थांबा. हे काय? बाई, हात लावून पाहा. दोन्ही गुडघे. एक केस नाही. कातडं कसं जाड झालं, उंटाच्या गुडघ्यावानी! आता समजलं वीस रुपये कायचे ते. हा घोडा पडते, बाई. चालता चालता गुडघ्यावर येते.

पुंजाजी : पडत नाही.

कडूबा : अहो, हातच्या काकनाले आरसा कायले पाह्यजे—

पुंजाजी : आस्ते बोला, कडूबा.

कडूबा : काऊन आस्ते? चोरी पकडली म्हनून? बाईमानूस एकटी पांदीनं जाईन अन् हा फेकून देईन तिले गोट्यायवर. मान मोडीन बाईची! तवा काय सांगसान?

पुंजाजी : आजलोग कोनाले घेऊन पडला नाही तो. देवाशप्पत.

मंजुळाबाई : मग गुडघे असे कशाने झाले? पुंजाजी, तुम्हाला विचारते आहे मी.

पुंजाजी : सांगतो, बाई. सांगाचंच होतं. तुमी आल्या तवापासून तोंडात येऊन राह्यलं, अन्...

कडूबा : थांबा, वाट द्या. बाया येऊन राह्यल्या घागरी घेऊन. जाऊ द्या त्याईले. मंग आपलं... अरे! अरे अरे! बाई, मागं सरा!

मंजुळाबाई : बसला! पुढचे पाय मोडून बसला हा!

कडूबा : पोट दुखून राह्यलं त्याचं! पोटशूळ हाय! असाच बसते, मंग लोळते, मंग घोडा खलास. उठवा त्याले, फिरवा! पुंजाजी, उभे काय राह्यले खांबावानी? काठी कुठं हाय?

पुंजाजी : काठी नोको!

कडूबा : अहो, मरंन तो!

पुंजाजी : हात जोडतो, कडूबा. काठी खाली ठेवा. लय खाल्ल्या त्यानं.

मंजुळाबाई : ठेवा, कडूबा. हा लोळत नाही, घामही आलेला नाही. नुसती मान वळवून बघतोय. कुणाकडे बघतो आहे हा, पुंजाजी?

पुंजाजी : त्या गेल्या ना पान्यावर, त्या बायायकडं. त्याईच्या हातातले काकनं वाजले.

कडूबा : काकनं?

पुंजाजी : काकनं वाजले का तो बसते. हेच त्याची खोड.

मंजुळाबाई : ही कसली खोड? कोणी लावली?

पुंजाजी : म्याच लावली. आमच्या घरच्या मानसाचा डावा पाय लुळा होता, बाई. पह्यल्याच बाळंतपनात गेला.

मंजुळाबाई : अडली होती?

पुंजाजी : तीन दिवस. पोर गेलं. ती राह्यली, पन पाऊल उचले ना. घासत चाले. मंग कूस उजवलीच नाही.

मंजुळाबाई : होतं तसं. पोराचं डोकं अडून राहिलं की आत शीर दबते. वेळेवर कोणी असतं, तर...

पुंजाजी : तवा कोन येत होतं, बाई?

कडूबा : मंग घोडा तिच्यासाठी घेतला म्हना.

पुंजाजी : वावरात गेल्याबिगर तिले भाकर गोड लागे नाही. गाडीत बस म्हनलं तर रुसे. म्हने, लुळी म्हनून पोत्यावानी टाकून नेता काय मले? म्हनून हा घेतला. लहान होता, तीन वर्साचा. पन तिचा पाय रिकिबीत जाये ना. मंग म्या याले बसाले शिकवलं. गुळाचा खडा दाखवाचा अन् 'बस' म्हनाचं. सारं गाव हासे. पुंजाजीनं उंट पाळला म्हने.

मंजुळाबाई : पण तुम्ही 'बस' म्हणायला शिकवलं होतं. मग बांगड्या?

पुंजाजी : ते त्यानं आपल्या मनानं धरलं. ती आयाळीवर हात ठेवे तवा काकनं वाजत. माह्या 'बस'कडं यानं ध्यानच देलं नाही. काकनं वाजले का खाली. ती पाठीवर बसली का वर. दहा वर्सं, रोज. तिले म्या म्हनो, घोडा माहा अन् ऐकते तुहं. तर हासे.

मंजुळाबाई : नाव काय होतं त्यांचं?

पुंजाजी : नाव?

कडूबा : सांगा ना. बाई इचारून राह्यल्या.

पुंजाजी : तानुबाई. हे नाव म्या दोनच डाव घेतलं, बाई. एक लग्नात, उखान्यात. अन् दुसऱ्यान ती गेली तवा, कोतवालाले लिहून द्याले. हे तिसऱ्यान. तशी नाव घेऊन हाक माराची गरजच पडे नाही. काकनं वाजत, मले समजे का ती चुलीपाशी हाय का गोठ्यात.

मंजुळाबाई : कधी गेल्या?

पुंजाजी : दोन वर्सं झाले. नवरात्रात. ताप आला, चौथ्या दिवशी गेली. अन् माहं घर हे असं आडाच्या वाटेवर! सकाळ-संध्याकाळ अर्धा गाव पान्याले जाते. हा बसते. दिवसातून धा डाव बसते. जिमीन अशी गोट्यायची. गुडघे सोलतीन नाही तर काय होईन? काही बाया तर मुद्दाम हात वाजवून जातात. हासतात. त्याईचं तरी काय चुकलं म्हना, त्याईले मजा वाटते.

कडूबा : अन् त्या काठ्या कोनी मारल्या?

पुंजाजी : मागच्या साली खामगावच्या एका टांगेवाल्याले देला होता. खोड सांगतली नाही म्या. वाटलं, नव्या जागी इसरून जाईन. भर बाजारात, कासाराच्या दुकानापुढं हा टांग्यासकट बसला. त्यानं पह्यले चाबूक तोडला, मंग काठी घेतली. हा उठला नाही. आठव्या दिवशी आनून बांधला इथं. पाठीवर हात फिरवा, कडूबा. केसाखाली वळ हायेत.

कडूबा : ...हो. हायेत. तीस वर्सं घोडे पाहून राह्यलो अन् हे माह्या हातातून सुटलं.

पुंजाजी : केस आले ना त्याच्यावर.

कडूबा : बाई, खरं सांगू काय? जनावर सोन्यासारखं हाय. पन सौदा सोडा. जिथं बाया तिथं काकनं, अन् तुमचं तर सारं कामच बायायमंधी. अन् पुंजाजी, राग मानू नोका, पन हे सारं ठाऊक असून तुमी बाईलेच निरोप काऊन धाडला? दुसरं गिऱ्हाईक नोतं काय?

पुंजाजी : ते मले सांगता येत नाही.

मंजुळाबाई : सांगा. मला राग येणार नाही.

पुंजाजी : येईन, बाई. यावाच.

मंजुळाबाई : येऊ दे मग. पण सांगा.

पुंजाजी : म्या इचारत फिरलो. पिंपळगाव राजालोग गेलो. म्हनलं, असं घर कुठं हाय काय का जिथं... जिथं काकनं वाजत नाही. कोनी म्हनलं, मोताळ्याच्या नर्सबाईचं हाय. त्या अन् त्याईच्या सासूबाई. दोघीच राह्यतात.

कडूबा : पुंजाजी! जिभेले काही हाड? बाईच्या तोंडावर हे बोलता? चला बाई, चला इथून. एक पाय ठेवू नोका याच्या अंगनात.

मंजुळाबाई : थांबा, कडूबा.

कडूबा : आता काय थांबता!

मंजुळाबाई : खरं तेच बोलले ते. माझे हात मोकळे आहेत, सासूबाईंचेही मोकळे. सात वर्षं झाली. भुंड्या हाताची म्हणतात लोक मला, माझ्या पाठीमागे. पोर मी सोडवते, आणि बारशाला मला बोलवत नाहीत. या हातांमुळे कुणाला माझं घर हवंसं वाटलं, हे मात्र आज पहिल्यांदा ऐकते आहे.

पुंजाजी : चुकलं माहं, बाई.

मंजुळाबाई : नाही चुकलं. पाखऱ्या ना याचं नाव? पाखऱ्या, ए पाखऱ्या. हे बघ, मी तुझ्या मानेवर हात ठेवला. ...बघितलंत? माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा वाटेकडे मान केली. कळतं त्याला, मी ती नाही म्हणून. मी नेते याला.

कडूबा : बाई, इचार करा. वाटेनं आड लागतीन, हिरी लागतीन, बायायचे घोळके लागतीन...

मंजुळाबाई : पाणवठ्याच्या वाटेने मी तशीही जात नाही, कडूबा. सकाळी सकाळी मी समोर आले की बाया भरल्या घागरी घेऊन मागे फिरतात. आम्ही दोघं आडवाटेनेच जाऊ. आणि बाळंतिणीच्या दारात बांगड्या वाजल्या, बसला, तर बसू दे. तोवर मी उतरून आत गेलेली असेन.

कडूबा : मंग माहं कामच नाही राह्यलं इथं.

मंजुळाबाई : आहे की. पारख करायला आणलं तुम्हाला. वीस रुपयांचा आहे का हा?

कडूबा : दाताची किंमत मले करता येते, बाई. खुराची करता येते. याची नाही येत. माहे पैसे देऊ नोका तुमी. वळ सुटले माह्या हातातून.

पुंजाजी : बाई, एक ऐका. पोळ्याले त्याले थोडा गूळ देजा. तिच्या हातचा खाये. म्या देला तर हुंगते अन् सोडून देते. तुमच्या हातचा खाईन कदाचित.

मंजुळाबाई : देईन. आणि हे सांगा, बसला आणि मला निघायची घाई असली, तर याला उठवायचा कसा?

पुंजाजी : उठवाचा नाही. माराचा तर नाहीच. त्याच्यापाशी उभं राह्याचं नुसतं. तो वाट पाहते. आता मानेवर हात पडंन, आता पाठीवर बसंन. मंग ती काही येत नाही, हे समजते त्याले. मंग आपलाच उठते.

कडूबा : हे पाहा. उठला.

मंजुळाबाई : किती वेळ लागतो हो, समजायला?

पुंजाजी : त्याले ना, बाई? त्याले घटकाभर लागते.