ट्रकची पायरी

वाहन तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे एक जोडपं उभं होतं. परक्या देशात मराठी ऐकू आली की कान आपसूक तिकडे जातात.

"सहा वर्षं त्या जुन्या लष्करी ट्रकपायी मला रविवार म्हणून मिळाला नाही. लोक परदेशात येऊन बागा फुलवतात."

"बागेला शिक्का मिळत नाही. आज 'मूळ रूपात' असा शिक्का बसला, की जुन्या गाड्यांच्या क्लबाच्या संचलनात आपण सगळ्यांत पुढे."

"आपण? या गुडघ्यानं मी चढणार कशी?"

"पायरी बसवलीय."

"मूळची होती का पायरी?"

"नव्हती. सैनिक उडी मारून चढायचे."

"अहो, मग काढून ठेवा. तपासणी झाली की लावा परत."

"वेल्डिंग केलंय, निघायची नाही."

"बोल्ट लावायचे होते. एवढं सुचलं नाही?"

"बोल्ट ढिले होतात. पडली असतीस."

"बरं, फॉर्मवर लिहा, काही बदल नाही म्हणून. रंग तोच दिलाय, कुणाला कळतंय?"

"एकेक नट मूळचा शोधला, तो खोटं लिहायला?"

"अहो, निघालात कुठे? जुन्या गाड्यांची रांग हीच आहे."

"आपली ती, साध्या गाड्यांची. चल, सावकाश."