लोणी सोडलेल्या काकू आणि सुपारीएवढी वाटी

मंडळी, ऐका! मागची मंडळी जरा पुढे सरका. माझा आवाज मुळातच बारीक. घरात कुकरसुद्धा माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलतो, आणि ऐकतातही त्याचंच!

तर आज प्रश्न असा की माणूस जेव्हा म्हणतो, 'देवा, मी अमुक सोडलं' — तेव्हा तो नक्की काय सोडतो? वस्तू सोडतो? की वस्तूचं नाव तेवढं सोडतो?

चातुर्मास चालू आहे. इथं बसलेल्यांपैकी कोणी वांगं सोडलं असेल, कोणी कांदा सोडला असेल. कोणी रागावणं सोडलंय — त्या ताई घाईघाईनं मान डोलावतायत, आणि शेजारी बसलेले त्यांचे यजमान वर छताकडे बघतायत! असू दे. मी पण सोडलंय हो. चहा! आषाढापासून चहाचा थेंब नाही. पेटीवाले भाऊ का हसतायत, ते कळलं नाही मला. भाऊ, तुम्ही सूर धरा. हसायचं नंतर बघू.

ऐका आख्यान!

एका गावात प्रमिलाकाकू हर्डीकर राहायच्या. यजमान वामनराव, एसटीत कंट्रोलर होते, निवृत्त झाले. मुलगा कामानिमित्त बाहेरगावी, सून ऋजुता घरात. आणि घरातलं सगळ्यांत मोठं माणूस म्हणजे देव्हाऱ्यातला बाळकृष्ण! रांगणारा, पितळेचा, एक हात पुढे केलेला. काकूंचा नेम काय? रोज सकाळी सायीचं विरजण घुसळायचं, निघालेल्या लोण्यातला इवलासा गोळा त्याच्या वाटीत ठेवायचा, वर खडीसाखर. वाटी केवढी? सुपारीएवढी! आणि दुसरा नेम असा की देवाला दाखवल्याशिवाय घरात कोणी घास उचलायचा नाही. पाव आणला तरी आधी देवाला. सुनेनं एकदा नूडल्स केल्या, तर त्यावरही तुळशीपत्र! बाळकृष्णानं काय केलं असेल त्या नूडल्सचं, त्याचं त्याला ठाऊक.

आता वामनराव. वामनरावांना लोणी! गरम भाकरी पानात पडली की त्यावर लोण्याचा गोळा हवा. तो वितळताना बघायचे, अगदी शांत, जणू समाधीच लागलीय. लोकांना गुहेत जाऊन लागत नाही, यांना भाकरीवर लागायची!

आणि एक दिवस छातीत दुखलं. दवाखाना झाला, नळी आत गेली, हृदयात ती बारीक जाळी बसवली. घरी सोडताना डॉक्टर शेटे म्हणाले, "वामनराव, लोणी आता बंद."

"डॉक्टर, औषधं दुप्पट द्या. लोणी राहू दे."

"हा भाजीबाजार आहे का?"

घरी आले. दुसऱ्याच दिवशी भाकरी समोर, आणि वामनराव म्हणतात, "अगं, ते जरा..."

काकूंना भांडता येत नाही. असल्या बायका फार भयंकर हो! भांडणारीला उत्तर देता येतं. न भांडणारीला काय देणार?

आषाढी एकादशी उजाडली. काकूंनी पाट मांडला, ताम्हन घेतलं, हातात अक्षता घेतल्या, आणि वामनरावांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "बाळा, यांच्या प्रकृतीसाठी चातुर्मासभर मी लोणी सोडते. नैवेद्य तुझा तू घे, मी बोटसुद्धा लावणार नाही. यांना सांभाळ." पळीभर पाणी सोडलं. संपलं!

वामनराव बाहेर वर्तमानपत्रामागे. बायको आपल्यासाठी लोणी सोडते, आणि आपण ओरपायचं? शरम म्हणून काही असते की नाही? गृहस्थ आत आले. म्हणाले, "तू सोडलंस ना? मग मीही सोडलं."

किती गोड संसार! इथं आख्यान संपवलं असतं, तर आपण सगळे वेळेत जेवायला गेलो असतो. पण माणसाची जीभ संपू देईल तर ना!

कोरडी भाकरी घशाखाली उतरेना. वामनराव पाणी पीत पीत जेवायचे. ऋजुताला दया आली. तिनं दुकानातून एक डबा आणला. गोल, पिवळा, वर सूर्यफुलाचं चित्र. म्हणाली, "आई, हे मार्गारिन. वनस्पती तेलाचं असतं. डॉक्टरांना फोन करून विचारलंय मी, बाबांना थोडं चालेल."

काकूंनी चष्मा लावला. "यात दूध?"

"नाही."

"साय?"

"नाही हो आई."

"म्हणजे हे लोणी नव्हे?"

"लोणी नव्हेच!"

मंडळी, काकूंचा चेहरा बघायला हवा होता! संकल्प कशाचा? लोण्याचा. हे काय? लोणी नव्हे. दिसतं तसं, लागतं जवळपास तसं, भाकरीवर पसरतं तर लोण्याहून छान — पण लोणी नव्हे! व्रत अभंग! आणि ऋजुता काय म्हणाली होती? 'थोडं चालेल.' त्यातलं 'चालेल' ऐकू आलं. 'थोडं' कुठं गेलं कोण जाणे. आपल्या सगळ्यांच्या कानाला ही सोय असते. माझ्या तर दोन्ही कानांना आहे.

पहिल्या दिवशी भाकरीवर नुसता हात फिरवल्यासारखं. मग बोटभर. मग डब्यात चमचाच राहायला गेला, तोही आमटीचा! भाकरीवर, थालीपिठावर, उकडलेल्या बटाट्यावर. लोणी होतं तेव्हा भीती होती हो. 'लोणी आहे, जपून!' आता कसली भीती? आता तर त्याग चालला होता! त्यागात कोणी मोजतं का?

आणि गावभर कीर्ती! भजनी मंडळात काकूंना पुढची जागा. "प्रमिलाताईंनी यजमानांसाठी लोणी सोडलं बाई!" काकू खाली मान घालून म्हणायच्या, "त्यात काय मोठंसं!" असं म्हणताना बरं वाटतं. फार बरं वाटतं. मलाही परवा कोणी म्हणालं, 'ताई, चहा सोडलात, धन्य!' — पेटीवाले भाऊ, पुन्हा?

श्रावण निम्मा झाला. तपासणीचा दिवस. डॉक्टरांनी कागद बघितला, वामनरावांकडे बघितलं, पुन्हा कागद. "वजन वाढलंय. रक्तातली चरबी पण. लोणी सोडलं होतं ना?"

"सोडलं!" दोघं एका सुरात. आमच्या भजनी मंडळाला जन्मात असा सूर लागला नाही.

"मग खाता काय?"

"ते... मार्गारिन. सुनेनं आणलेलं."

"सुनेनं मला विचारूनच आणलं. तुमच्या प्रकृतीला रोजच्या खाण्यात लोण्यापेक्षा ते मऊ, तेलाचं बरं, असं मीच सांगितलं होतं. किती लावता?"

काकू बघतात वामनरावांकडे, वामनराव बघतात भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे.

"काकू, किती?"

"डबा... संपेपर्यंत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ते बरं म्हटलं ते लोण्याच्या जागी, तेही चमच्याच्या टोकावर. तेही स्निग्धच आहे हो! आता नीट ऐका. असंच चाललं तर मी यांना पुन्हा त्याच टेबलावर घेणार, आणि दर वेळी मी हसत बाहेर येईनच असं नाही."

घरी आल्या आल्या काकू तडक देव्हाऱ्यापुढे. जन्मात भांडल्या नव्हत्या, त्या भांडल्या! "मी माझा शब्द पाळला ना? बोट लावलं का लोण्याला? मग तू का नाही पाळलास? यांना सांभाळ म्हटलं होतं! रोज सकाळी हात पुढे करून खातोस, आणि हेच का तुझं सांभाळणं?" आणि पदर डोळ्यांना.

वामनराव दारात उभे. हळूच म्हणाले, "अगं, त्याला कशाला बोलतेस? त्याला काय ठाऊक?"

"त्याला ठाऊक नाही? देव आहे तो!"

"सोडलेलं दाखवलंस त्याला. खाल्लेलं कुठं दाखवलंस?"

मंडळी! काकूंचा हात पदरातच राहिला.

नूडल्स दाखवल्या, पाव दाखवला. सर्दीवरचा काढा दाखवला. पण तो पिवळा डबा? एकदाही नाही! रोज खाल्लं, पण देवापुढं नेलं नाही. का? 'देवाला असलं कसं चालेल' म्हणून? छे हो. तेल तर तेल, देवापुढं तेलाचाच दिवा जळतो. नेलं नाही, कारण आतून माहीत होतं. माणसाला आतून सगळं माहीत असतं. आपण फक्त त्या खोलीतला दिवा लावत नाही.

काकू उठल्या. डबा आणला. देव्हाऱ्यातली वाटी धुतली, पुसली. डब्यातून चमचा भरून घेतला, रोज भाकरीवर घ्यायच्या तेवढाच, आणि वाटीत घालायला गेल्या.

चमचाच वाटीत जाईना!

आडवा केला, उभा केला. सुपारीएवढी वाटी, आणि आमटीचा चमचा! इतकी वर्षं देवानं एवढुशा वाटीत भागवलं. तोच लोणी चोरणारा, ज्याच्या नावानं आपण दहीहंड्या बांधतो! वाटी मोठी कर, असं एकदाही म्हणाला नाही.

काकूंनी चमच्याच्या टोकावर आलं तेवढंच वाटीत ठेवलं. तुळशीचं पान ठेवलं. म्हणाल्या, "बाळा, हे लोणी नाही, तेलाचं आहे. यांना आता हेच बरं. सकाळचं तुझं लोणी तुला मिळेल. संध्याकाळी हे घे, यांच्या सोबतीनं." तो तोंड वाकडं करील, अशी धास्ती होती. हसतच होता. पितळेचा आहे, दुसरं काय करणार! पण काकूंना वाटलं, आज जरा जास्त हसतोय.

मग पुन्हा पळीभर पाणी घेतलं. "लोणी सोडते असं नाही म्हणत. तुझ्या वाटीत मावणार नाही, ते सोडते."

रात्रीची जेवणं. वाटीतला प्रसाद. तो दोघांत वाटला, म्हणजे नुसता वास म्हणा! वामनरावांनी भाकरीचा एक तुकडा त्याला पुसला. बाकीची भाकरी तशीच. कोरडी. वामनराव चावतायत, चावतायत. काकू मान वर करत नाहीत. आता म्हणतील 'अगं, ते जरा...' आता म्हणतील!

वामनराव थांबले. हातातल्या तुकड्याकडे बघत म्हणाले, "अगं, भाकरी गोड आहे की तुझी!"

"आज काय वेगळं केलंय मी?"

"ते नव्हे. इतकी वर्षं मला वाटायचं, गोड लोणीच आहे."

काकू उठून चुलीशी गेल्या. शेगडीच ती, पण आख्यानात चूल म्हणायची पद्धत आहे. पाठ फिरवून आणखी एक भाकरी थापायला लागल्या. तव्यावर टाकली, ती टम्म फुगली. मंडळी, त्या भाकरीला त्या दिवशी आत वाफ होती की आणखी काही, ते मी सांगणार नाही.

आता तुमच्याकडे येते. लोणी की मार्गारिन, ते तुम्ही आपापल्या डॉक्टरांना विचारा. मला कळतं ते फक्त वाटीचं! तुम्ही सोडलंत, त्याच्या जागी काय आणून ठेवलंय? रागावणं सोडलेल्या ताई, अबोला तर नाही ना धरलेला? ...छताकडे बघणारे काका, आता खाली बघा! जे सोडलं म्हणालात, ते दाखवायला देवापुढं सगळेच येतात. त्याच्या जागी जे धरलंत, तो डबा घेऊन या एकदा. आणि त्याच्या वाटीत बसतो का बघा.

आणि हो. पेटीवाले भाऊ मघापासून का हसतायत? कारण त्या पडद्यामागं माझा थर्मास आहे. चहा नाही हो, शपथ! कॉफी आहे. चहा प्यायचे त्याच्या दुप्पट. सगळं सांगितलं, आता काय लपवायचं?

भाऊ, तो थर्मास आज तबलजींना द्या. मला पाणी. भांड्यात नको, त्या देवाच्या पळीतून दिलंत तरी पुरे.

म्हणा मंडळी, बाळगोपाळ महाराज की जय!