रंगी भियाचा आवाज, काकूचा उंबरा

मी देवासचा. म्हणजे इंदूरवाले म्हणतात ना, अरे वो तो देवास का है, तसा. आमचे खापरपणजोबा संस्थानात घोड्यावर होते म्हणे, आजोबा मास्तर झाले, बाबा शाळेत क्लार्क झाले, आणि मी, क्या है ना ताई, मी लोकांचे आवाज काढायला लागलो. घोड्यावरून इथपर्यंत आलं खानदान. आमचे हेडसर नाकात बोलायचे, तर पाचवीत असताना मी पाण्याच्या टाकीमागून त्यांच्या आवाजात सांगितलं की चौथ्या तासानंतर सुट्टी, आणि दोन वर्ग खरंच दप्तरं घेऊन घरी गेले. मारलं मला, खूप मारलं, पण मारणारे सर मारता मारता हसत होते, ते मी बघितलं, आणि तिथंच ठरलं, दुसरं काय.

रंगी भियाचा आवाज मला नववीत सापडला. रंगी भिया कोण ते तुम्हाला सांगायला नको, पण लिहिताय तर लिहा. इंदूरचाच, भैयाचं आम्ही भिया करतो, लग्नात माईकवर बोलता बोलता टीव्हीवर गेला आणि सगळ्या मुलखाला हसवायला लागला. बसका आवाज, जसं काही आत्ताच कोणाशी भांडून आलाय, आणि वाक्याच्या शेवटी एक छोटा खोकला. लोक त्या खोकल्यावर हसायचे. मला तो जमायला आठ महिने लागले, आई म्हणायची डॉक्टरला दाखव. जमला तेव्हा मी घरात नुसता खोकलो आणि बाबा आतून टीव्ही बघायला धावत आले.

आता तो काही संत नव्हता, हेही लिहा. बायकांबद्दल असं बोलायचा की माझी बहीण खोलीतून उठून जायची. पिऊन स्टेजवर यायचा, समोर बसलेल्या माणसाच्या रंगावरून, टकलावरून, बायकोवरून खेचायचा. पण तोच माणूस कोणा चहावाल्याच्या पोरीच्या ऑपरेशनला तीन दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून होता, हेही खरं. मला भेटला एकदाच. एका लग्नात मी त्याचा आवाज काढत होतो आणि तो मागून आला, मला वाटलं आता कानाखाली बसते. तर खांद्यावर हात ठेवला न् म्हणाला, अबे, तू तो मुझसे अच्छा मैं है. काय सांगू तुम्हाला, त्यावर मी चार वर्षं जगलो. वाढदिवस, संगीत, दुकानाचं उद्घाटन, सगळीकडे छोटे रंगी भिया, छोटे रंगी भिया. माझं नाव मनोज आहे हे फक्त आधार कार्डाला माहीत.

इंदुरात खोली घेतली मल्हारगंजमध्ये, काकूच्या घरी वरची. काकू आपल्यातलीच, एकटी. दोन घास जास्त करायची नि मला खाली जेवायला हाका मारायची, मन्या, ये रे, पोळी थंड होते. भिंतीवर काकांचा फोटो, हार घातलेला. दीड महिना मी त्या फोटोखाली जेवलो आणि विचारलं नाही. मग एक दिवस वरण ढवळता ढवळता सहज खोकलो. रंगी भियाचा खोकला. काकूच्या हातातलं भांडं खाली पडलं.

तेव्हा कळलं. पलासियाच्या चौकात काका स्कूटरवर होते, क्लिनिकमधून हिशेब लिहून घरी येत होते, आणि रंगी भियाच्या गाडीनं उडवलं. गाडी कोण चालवत होतं तर ड्रायव्हर, असं कोर्टात झालं. काकू म्हणाली, त्या चौकातल्या भाजीवाल्यानंही बघितलं होतं ड्रायव्हरच्या सीटवरून कोण उतरलं ते, पण भाजीवाल्याला कोण विचारतंय. काका दीड वर्ष अंथरुणात होते मग गेले. मी म्हटलं काकू, मी खोली सोडतो. तर म्हणाली, तू कशाला सोडतोस, तुझ्या पोटाचा धंदा आहे, बाहेर काय करायचं ते कर, उंबऱ्याच्या आत त्याला आणू नको. बस. इतकंच. मी आणला नाही. दोन वर्षं घरात खोकला आला तरी गच्चीवर जाऊन खोकायचो, अगदी खरा सर्दीचा खोकलासुद्धा.

आणि मग तो गेला. सकाळी पोह्याच्या दुकानावर उभा होतो, कोणाच्या तरी फोनवर आलं, हार्ट अटॅक, झोपेतच. पोहेवाला शांतपणे म्हणाला, चलो, गंदगी गई, आणि बाजूचा रिक्षावाला प्लेट ठेवून रडायला लागला, मेरी माँ कैंसर में उसी को देख के हँसती थी बे. दोघं भांडले. एकानं जिलबी मागवली, दुसऱ्यानं ती नाल्यात फेकली. मला कोणी विचारलं, छोटे, तेरा क्या होगा अब, आणि सगळे हसले, मीही हसलो. हसलो म्हणजे तोंड तसं केलं. असं वाटलं की जसं कोणी मलाच उचलून नेतंय आणि मी बाजूला उभा राहून बघतोय.

मी अंत्ययात्रेला गेलो. काकूला सांगितलं नाही, नुसतं म्हटलं बाहेर जाऊन येतो. ताई, कृष्णपुऱ्यापासून गर्दी, अर्धे रडणारे, अर्धे मोबाईलवाले, आणि एका गच्चीवरून कोणी बाई ओरडत होती की मेलास, बरं झालं. मला लोकांनी ओळखलं. छोटे, बोल ना, एक बार बोल दे भिया के जैसा. मी नाही नाही म्हणतोय, त्यांनी उचलून भिंतीवर उभं केलं. आणि मी बोललो. त्याच्या आवाजात बोललो, चलता हूँ रे इंदौर, खाना टाइम पे खाना, आणि खोकलो. एक म्हातारी आली नि माझ्या गालावरून हात फिरवला, माझ्या नाही, त्याच्या. मागून एक चप्पलही आली, पाठीत लागली. तीही त्यालाच मारलेली.

तिथून स्मशानात गेलो, लाकडं पेटेपर्यंत थांबलो, आणि घरी आलो.

आता आपल्यात स्मशानातून आलं की आधी आंघोळ, मग घरात कुठं हात लावायचा, हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. पण दुपारी तीन वाजता आंघोळ केली तर काकू विचारणार, का रे, कोणाकडे गेला होतास. आणि माझ्याच्यानं काकूशी खोटं बोलवत नाही, म्हणजे तेव्हा बोलवत नव्हतं. तर मी काय केलं, असा उलटा शहाणपणा बघा, तसाच आत गेलो. तसाच. त्याच कपड्यांत पाटावर बसलो, काकांच्या फोटोखाली, आणि काकूनं गरम पोळी वाढली.

पहिला घास घेतला नि काकूचा फोन वाजला. शेजारच्या वहिनींनी व्हिडिओ पाठवला होता, बघा तुमचा भाडेकरू. काकूनं पूर्ण बघितला. भिंत, मी, खोकला. आवाज आता घरात होता, ताई. मी नाही आणला तर फोननं आणला.

मला वाटलं आता सामान बाहेर. काकूनं गॅस बंद केला. उठली, मोरीत बादली लावली, तिच्यात गरम पाण्याचं पातेलं ओतलं, टॉवेल खांद्यावर टाकून आली आणि म्हणाली, माती देऊन आलास आणि तसाच जेवायला बसलास? उठ. कोणी काही शिकवलं नाही का तुला देवासला? तुझा माणूस गेलाय, आधी आंघोळ कर.

तुझा माणूस. ती म्हणाली, मी नाही.

मी मोरीचं दार लावलं आणि मग रडलो, तांब्यावर तांब्या ओतत, की आवाज जाऊ नये. ती दाराबाहेरच उभी होती. थोड्या वेळानं म्हणाली, मन्या, तू तर त्याचं सगळं ऐकलंयस, लहानपणापासून, एकही सोडलं नसशील. कधी कुठं आमच्या ह्यांच्याबद्दल काही बोलला का रे तो? एक शब्द?

आता इथून पुढं लिहायचं तर काकूचं नाव लिहू नका, गल्लीही बदला, माझंही नाव बदला.

बोलला होता. एका शोमध्ये, केसमधून सुटल्यावर. मेरी क्या गलती, अंकल को ऑटोग्राफ की जल्दी थी. आणि खोकला. हॉल पडला होता हसून. आणि मी, काकूकडे यायच्या आधी, देवासला, शाळेच्या गॅदरिंगला, कोण अंकल, कुठला अंकल, काही माहीत नसताना, तो आयटम केला होता. सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या.

मी आतून म्हटलं, नाही काकू. कधीच नाही.

ती म्हणाली, नाही ना. बरं. निदान थट्टा तरी नाही केली आमची. आणि मग, देव त्याचं बघून घेईल, तू ये लवकर, पोळी गार झाली.

चार महिने झाले. मी अजून तिथंच राहतो. रंगी भिया मागतात लोक, मी म्हणतो गळा बसलाय, आता बस कंडक्टर करतो, लग्नातला फुगलेला जावई करतो, कमी हसतात, चालतं. गॅदरिंगच्या त्या आयटमचा व्हिडिओ मी टाकलेला, तो काढून टाकला, पण तेव्हा हॉलमध्ये कोण कोण फोन घेऊन उभं होतं, मला काय माहीत. काकू आता सगळ्यांना सांगते, आमचा मन्या खोटं बोलत नाही, देव त्याचं भलं करो. हल्ली तिला संध्याकाळी फोनवर स्वतः भजनं शोधून लावता येतात. एक संपलं की फोन आपोआप दुसरं काहीतरी लावतो, मग ती तेही ऐकते. मी जवळच बसतो.